रिव्ह्यूचा चॅप्टर पुन्हा पुन्हा परत येतो, तेव्हा काय तपासायचे

बडोद्यात पीएचडी करणाऱ्या मराठी मुलामुलींकडून एक अडचण सतत कानावर येते. प्रबंधाचे दुसरे प्रकरण, म्हणजे संबंधित साहित्याचा आढावा, गाईडकडे दिले की परत येते. समासात शेरा असतो, 'ही नुसती यादी झाली', नाहीतर 'विश्लेषण कुठे आहे?' मग विद्यार्थी आणखी पंधरा-वीस संदर्भ गोळा करतो, परिच्छेदांच्या सुरुवातीला 'तसेच', 'त्याचप्रमाणे', 'याशिवाय' घालतो आणि प्रकरण पुन्हा देतो. आता ते दीडपट जाड झालेले असते, पण शेरा तोच येतो. इतिहास असो, शिक्षणशास्त्र असो की समाजकार्य, हे चक्र सगळीकडे सारखेच चालते. त्यात कष्टाळू मुलांचे महिनेच्या महिने जातात याचे मला फार वाईट वाटते.

बहुतेक वेळा या दुखण्याचे मूळ टिपणांत असते. एकेका लेखाचे एकेक टिपण काढले असेल, तर त्यातून एकेका लेखाचा एकेक परिच्छेदच तयार होणार. वाक्ये कितीही घासूनपुसून घेतली तरी त्यात फरक पडत नाही. म्हणून प्रकरणाची फाइल काही दिवस बंद ठेवायची आणि दुरुस्ती टिपणांपासून सुरू करायची.

आधी खात्री करून घ्या

प्रकरणाची प्रिंट काढा आणि प्रत्येक परिच्छेदाचे पहिले चार-पाच शब्द अधोरेखित करा. बहुतेक परिच्छेद 'अमुक यांनी २०११ मध्ये', 'तमुक यांच्या मते' असे सुरू होत असतील, तर तुमचे प्रकरण लेखकांच्या नावांवर उभे आहे. मग कोणतेही दोन शेजारचे परिच्छेद एकमेकांच्या जागी ठेवून वाचा. काहीच बिघडले नाही, तर त्या परिच्छेदांचा एकमेकांशी संबंध लागलेलाच नाही. गाईड कधी 'परिच्छेद एकमेकांशी जोडा' असा शेरा देतात, त्याचा अर्थ हाच असतो. 'त्याचप्रमाणे' घालून तो संबंध निर्माण होत नाही.

आणखी एक चाचणी मला सगळ्यात विश्वासाची वाटते. समोर कागद न ठेवता घरात कुणालाही, आईला किंवा बहिणीला, साध्या मराठीत सांगून बघा की तुमच्या विषयात अभ्यासकांचे कशावर एकमत आहे आणि वाद कशावरून आहे. सांगता आले, तर प्रकरण फक्त नीट मांडायचे राहिले आहे. अडखळायला झाले, तर पुढचे सगळे वाचा.

ही पद्धत आली कुठून

विद्यार्थी हे मनाने करत नाहीत. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन शिक्षणशास्त्रातले जुने प्रबंध उघडले, तर कितीतरी ठिकाणी दुसऱ्या प्रकरणाची रचना ठरलेली दिसते: परदेशात झालेले अभ्यास, भारतात झालेले अभ्यास आणि शेवटी एका पानाचा समारोप. प्रत्येक अभ्यासाला एक परिच्छेद, त्यात उद्दिष्टे, नमुना, साधने आणि निष्कर्ष. तिथे प्रबंध प्रकरणवार सुटे ठेवलेले असतात, त्यामुळे नेमके दुसरे प्रकरण उतरवून घेणे सोपे जाते आणि तोच साचा पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती पडतो.

याचा एक धागा आपल्या गावाशी जोडलेला आहे. भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचे पहिले मोठे सर्वेक्षण प्रा. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये बडोद्यातूनच निघाले, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्रातील प्रगत अध्ययन केंद्रातून. इंटरनेट नसताना देशभरातल्या प्रबंधांचे गोषवारे एका ठिकाणी मिळणे ही केवढी मोठी सोय होती! पण त्या गोषवाऱ्यांचा आकार, म्हणजे एका अभ्यासाला एक परिच्छेद, पुढे लोकांनी आढाव्याचाच आकार मानला. खरे तर त्याच सर्वेक्षणात एकेका विभागासाठी त्या क्षेत्रातल्या जाणकाराने लिहिलेला कल अहवालही आहे. संशोधन कुठल्या प्रश्नांकडे वळले, कुठे दाटी झाली, कुठे कुणी फिरकले नाही, हे तो सांगतो. आढावा कसा असावा याचा नमुना त्या अहवालांत आहे. गोषवारे फक्त शोधण्याच्या सोयीसाठी आहेत. ते खंड कुठल्या ग्रंथालयात मिळाले, तर एकाच विभागातला अहवाल आणि गोषवारा शेजारी ठेवून जरूर वाचा. हा फरक दहा व्याख्यानांपेक्षा लवकर समजतो.

टिपणे पुन्हा कशी काढायची

सगळे लेख पुन्हा वाचायला लागत नाहीत, ही दिलासा देणारी गोष्ट. एक्सेलमध्ये किंवा आडव्या ठेवलेल्या मोठ्या कागदावर तक्ता आखा. प्रत्येक ओळीत एक अभ्यास घ्या. स्तंभांत मात्र 'उद्दिष्टे, नमुना, साधने' लिहू नका, तुमचे स्वतःचे प्रश्न लिहा. हे प्रश्न तुमच्या संशोधन-प्रश्नातून निघायला हवेत. इथे बरेच जण अडतात, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेते.

समजा विषय आहे बडोदे संस्थानातले सक्तीचे प्राथमिक शिक्षण. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात हा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानाला कायदा लागू केला. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्यापुढे होता. या विषयावर मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहिले गेले आहे. जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रकरण असे दिसेल:

'अ यांनी बडोदे संस्थानातील प्राथमिक शिक्षणाचा अभ्यास केला. त्यांनी प्रशासकीय अहवालांचा आधार घेतला. १९०६ नंतर शाळांची संख्या वाढल्याचे त्यांना आढळले. ब यांनी मुलींच्या शिक्षणाचा अभ्यास केला. कायदा असूनही मुलींची हजेरी अनियमित होती असे त्यांना आढळले. क यांनी सयाजीरावांच्या सुधारणांचा आढावा घेतला.'

(अ, ब, क आणि त्यांचे निष्कर्ष मी इथे नमुन्यासाठी रचले आहेत. ते प्रबंधात नेऊ नका.)

आता तक्त्याचे स्तंभ ठरवू. पहिला स्तंभ: कायद्याचे यश या अभ्यासकाने कशावरून मोजले? शाळांच्या संख्येवरून, पटावरच्या नावांवरून, रोजच्या हजेरीवरून की साक्षरतेवरून? दुसरा: पुरावा कुठून आणला? संस्थानाच्या वार्षिक अहवालांतून, जनगणनेतून, की आठवणी आणि वृत्तपत्रांतून? तिसरा: अभ्यासात कोण दिसते? मुली, अंत्यज (तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांच्या) शाळांतली मुले, नवसारी प्रांतातली आदिवासी मुले, की नुसतेच 'विद्यार्थी'? चौथा: बदलाचे श्रेय कशाला दिले आहे, राजाच्या दूरदृष्टीला, अधिकाऱ्यांच्या यंत्रणेला की लोकांच्या मागणीला? हे चार पुरेत. आठ-दहा स्तंभ आखले तर तक्ता भरता भरता दमछाक होते आणि मग तो अर्धवट राहतो.

तक्ता भरला की तो आडवा वाचू नका, उभा वाचा. एका स्तंभात वरून खाली डोळे फिरवले की गट आपोआप दिसू लागतात. तोच मजकूर मग असा लिहिता येतो:

'सक्तीचा कायदा कितपत यशस्वी झाला याचे उत्तर, यश कशावर मोजले यावर अवलंबून राहिले आहे. शाळा आणि पटसंख्या मोजणारे अभ्यासक (अ, क) ठळक वाढ दाखवतात. रोजच्या हजेरीकडे पाहणाऱ्या ब यांना, विशेषतः मुलींच्या बाबतीत, ही वाढ कागदोपत्री वाटते. तिघांचाही पुरावा मात्र संस्थानाच्याच अहवालांतून आला आहे. मुले शाळेत न पाठवल्याबद्दल दंड भरणाऱ्या पालकांची बाजू यांपैकी एकाही अभ्यासात येत नाही.'

संदर्भ तेच तीन आहेत, लांबीही फारशी वाढलेली नाही. पण परिच्छेदाचे पहिले वाक्य आता तुमचे स्वतःचे आहे आणि अभ्यासक त्याच्या आधाराला आले आहेत. शेवटच्या वाक्यात तर तुमच्या प्रबंधाला जागा तयार झाली आहे. प्रत्येक स्तंभाचा असा एक उपविभाग केला की प्रकरणाचा आराखडा उभा राहतो. एखादा महत्त्वाचा अभ्यास दोन-तीन उपविभागांत पुन्हा आला तरी हरकत नाही. उलट तो महत्त्वाचा का आहे, हे त्यातूनच दिसते.

'बडोद्यात कुणी केलेले नाही'

संशोधनातली पोकळी दाखवताना हे वाक्य फार वेळा येते आणि गाईड त्यावर हमखास काट मारतात. 'अशा प्रकारचा अभ्यास वडोदरा जिल्ह्यात झालेला नाही.' असेलही, पण व्हायला का हवा? जागा बदलल्याने उत्तर का बदलेल, हे सांगितल्याशिवाय ती पोकळी ठरत नाही.

वरच्या उदाहरणात जागेचे कारण खरोखर भक्कम आहे. बडोदे संस्थान सलग नव्हते. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे प्रांत विखुरलेले होते आणि त्यांच्या सीमा ब्रिटिश मुलखात गुंतलेल्या होत्या. एका गावात १९०६ पासून सक्ती, आणि जवळच्याच खेडा, भडोच किंवा सुरत जिल्ह्यातल्या गावात ती नाही. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने कायदा झाला तो १९१८ मध्ये, आणि त्यानेही फक्त नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा दिली. म्हणजे भाषा, जात-व्यवस्था, शेती बरीचशी सारखी आणि राज्य तेवढे वेगळे. सक्तीचा परिणाम तपासायला अशी तुलना दुसरीकडे सहज मिळत नाही. 'बडोदेच का' याचे असे उत्तर तुमच्याकडे असेल, तर गावाचे नाव अभिमानाने लिहा. नसेल तर पोकळी तक्त्याच्या रिकाम्या चौकटींत शोधा.

रिकामी चौकट दिसली की लगेच हुरळून जाऊ नका. आपण शोधले नाही म्हणूनही ती रिकामी असू शकते.

दप्तरातले कागद आढाव्यात घालू नका

इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा हा खास घोटाळा आहे. संस्थानाचे वार्षिक अहवाल, आज्ञापत्रिका, मोडीतले कागद ही तुमची साधने आहेत. त्यांची चर्चा साधनांच्या प्रकरणात करायची. आढाव्यात त्या साधनांवर आधीच्या अभ्यासकांनी काय उभे केले, ते येते. दोन्ही एकत्र झाले की प्रकरण फुगते आणि वाचणाऱ्याला वाद कुठे आहे तेच कळत नाही.

काही पुस्तके दोन्हीकडे बसतात, तिथे विचार करावा लागतो. न्यूटन मोहन दत्त यांनी बडोद्याच्या ग्रंथालयांवर १९२८ मध्ये लिहिलेले पुस्तक घ्या. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बोलावलेल्या ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांनी उभारलेली व्यवस्था पुढे दत्त यांच्याच हाती आली होती. त्यामुळे त्या पुस्तकात माहिती भरपूर आहे, पण ती व्यवस्था चालवणाऱ्याची साक्ष आहे. तिला त्रयस्थ मूल्यमापन समजून चालणार नाही. हे एक वाक्य आढाव्यात लिहिलेत, तरी परीक्षकाला तुमची नजर दिसते.

शोध अपुरा पडतो तेव्हा

'माझ्या विषयावर काही मिळतच नाही' असे म्हणणाऱ्यांनी आधी स्पेलिंग तपासावे. जुन्या इंग्रजी लेखनात आपले शहर 'बरोडा' आहे, नंतरच्या लेखनात 'वडोदरा'. 'गायकवाड' तर रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिलेले सापडते. मधले स्वर बदलतात आणि शेवटी कुठे 'डी' असतो तर कुठे 'आर'. प्रत्येक रूपाने वेगळा शोध घ्यावा लागतो. एकाच रूपावर थांबलात, तर निम्मे साहित्य नजरेआड राहते. मराठी आणि गुजराती लेखन गुगल स्कॉलरवर फार कमी सापडते. त्यासाठी हंसा मेहता ग्रंथालय, मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि प्राच्यविद्या मंदिर यांच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. तिथल्या जुन्याजाणत्या कर्मचाऱ्यांना विषय सांगून मदत मागा. कॅटलॉगमध्ये न सापडणारे कपाट त्यांना ठाऊक असते.

एखादा चांगला लेख हाती लागला की त्याची संदर्भसूची पाहून मागे जा आणि गुगल स्कॉलरवर त्याला पुढे कुणी उद्धृत केले ते पाहून पुढे या. नव्या लेखांत तीच तीच नावे येऊ लागली की त्या उपविषयापुरते थांबायला हरकत नाही. पैसे मागणाऱ्या जर्नल्ससाठी आधी आपल्या ग्रंथालयात विचारा. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांना हजारो जर्नल्स खुली झाली आहेत, तरी कितीतरी विद्यार्थ्यांना त्याचा पत्ता नसतो.

एआयच्या साधनाने सुचवलेला संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय घेऊ नका. ही साधने खऱ्यासारखी दिसणारी पण अस्तित्वातच नसलेली शीर्षके देतात. असा एक संदर्भ व्हायवामध्ये उघड झाला, तर बाकीच्या सगळ्या सूचीवरचा विश्वास जातो.

सिमिलॅरिटी नेमकी याच प्रकरणात का वाढते

सिमिलॅरिटी म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो ते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल, तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, प्रबंध सुधारून द्यावा लागतो. त्यापुढे चाळीस ते साठ टक्क्यांना वर्षभर सबमिशन बंद आणि साठच्या वर गेल्यास नोंदणी रद्द. संदर्भसूची आणि रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणे यात धरली जात नाहीत.

आढाव्यात साम्य वाढते ते बहुधा गोषवारा जसाच्या तसा टिपणात चिकटवल्यामुळे. महिन्याभराने ती वाक्ये आपली की त्यांची, हे स्वतःलाच आठवत नाही. मग शब्द फिरवण्याचा खटाटोप सुरू होतो आणि भाषा आणखी बिघडते. यावर मराठी विद्यार्थ्यांजवळ एक सोपा उपाय आहे. प्रबंध इंग्रजीत असला तरी टिपण मराठीत काढा, आणि तेही लेख मिटवून. जे समजले तेवढेच उतरेल, जे समजले नाही ते लगेच लक्षात येईल. शब्दशः घ्यायचे वाक्य असेल, तर ते अवतरण चिन्हांत, पान क्रमांकासह वेगळ्या रंगात ठेवा. कल्पना दुसऱ्याची असेल, तर भाषा बदलली तरी श्रेय द्यावेच लागते, हे मात्र विसरू नका.

याच प्रकारातली आणखी एक गोष्ट. मूळ प्रबंध न पाहता केवळ त्याचा गोषवारा वाचला असेल, तर तसेच नमूद करा. 'अमुक सर्वेक्षणात उद्धृत' असे लिहिण्यात कमीपणा नाही.

गाईडकडे पुढच्या वेळी काय न्यायचे

साठ पानांचे प्रकरण तिसऱ्यांदा नेण्याऐवजी तक्ता न्या आणि त्यासोबत एक पान, ज्यावर प्रत्येक उपविभागाचे फक्त पहिले वाक्य असेल. 'सर, लिहिण्याआधी ही मांडणी बरोबर आहे का, एवढे बघाल का?' असे विचारले, तर व्यग्र गाईडसुद्धा दहा मिनिटे काढतात. एक पान वाचून त्यांना लगेच मत देता येते, आणि दिशा चुकली असेल तर तुमचे लिहून वाया जात नाही. 'मॅडम, यातला कुठला स्तंभ तुम्ही काढून टाकाल?' हाही चांगला प्रश्न आहे. त्यातून गाईडना विषयाचा गाभा कुठे वाटतो ते समजते. त्यांनी बदल सुचवला, तर तो त्यांच्यासमोरच तक्त्यावर लिहून घ्या.

मांडणी मान्य झाली की एकाच उपविभागाचा मसुदा लिहून आधी तो दाखवा. त्यावर आलेले शेरे बाकीच्या उपविभागांना आपोआप लागू पडतात.

सबमिशनच्या दोन-तीन महिने आधी सगळे शोध त्याच स्पेलिंगांनी पुन्हा एकदा चालवा. प्रबंधाला लागलेल्या वर्षांत नवे लेख आलेले असतात आणि बहिःस्थ परीक्षक नेमके तेच विचारतात. संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवले असतील, तर मागे घेतलेल्या लेखांपुढे तिथे खूण दिसते, तीही तेव्हाच बघून घ्या. नवा लेख सापडला तर तो प्रकरणाच्या शेवटी चिकटवू नका. आधी तक्त्यात त्याची ओळ भरा, तो कोणत्या गटात बसतो ते पाहा, आणि त्या उपविभागातले पहिले वाक्य अजून खरे ठरते का ते तपासा.